कलाली फाटकापर्यंत

येझदी. चाळीस वर्षांची, एके काळी लाल.
मालक घोसाळकर काका, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर,
म्हणजे पाना कसा धरायचा ते मला शिकवणारच.
‘घरून निघते तेव्हा छान असते गं.
कलाली फाटक जवळ आलं की खोकते,
चार ठोक्यांत एक गाळते, मग दोनांत एक,
मग नुसतं माझंच ढकलणं.
दहा मिनिटं थांबलो की चालू. जसं काही झालंच नाही.’

इंजिन खोटं बोलत नाही, माझा मामा म्हणायचा,
वाडीतल्या याच टपरीत, याच डब्यावर बसून.
मामा गेला. ही बोलली खोटं.
स्टँडवर अर्धा तास चालली, एकसारखी,
किरीट रेस देतच राहिला,
समोरचा फाफडावाला ओरडला, बेन, हवे बंध करो.

पहिल्या गुरुवारी प्लग बदलला.
दुसऱ्या गुरुवारी कंडेन्सर, आणि पॉइंटचं अंतर
मामाच्याच जुन्या पोस्टकार्डाच्या जाडीनं.
मग कॉइल. मग कार्ब उलटा करून
जेटमध्ये फुंकर, ओठांवर पेट्रोल,
रात्रीच्या भातालाही तीच चव.
काकांचा फोन यायचा, रागावून नाही:
‘फाटकालाच. पुन्हा फाटकालाच.’

शेवटी पैसे घेणं थांबवलं आणि मागे बसले.
मांडीवर पाने, प्लगचा पाईप, काळं फडकं.
लालबाग, अक्षर चौक,
काका गाडी चालवतात जशी पेटलेली समई न्यावी.
फाटक आता नावालाच आहे. त्याच्या जरा अलीकडे
पहिला ठोका गळला.
मला तो मणक्यात कळला, कानात नंतर.
दुसरा.
मग तीनचार एकदम, आणि टायरांचा आवाज तेवढा उरला.

कडेला, उन्हात, गरम प्लग फडक्यात धरून पाहिला.
काळा असता तर म्हटलं असतं, जास्त खाते.
हा पांढरा, खडूसारखा.
उपाशी.
कार्बची वाटी सोडली: तळाला थेंबभर.
काकांनी गाडी हलवली, टाकीत डुबुक डुबुक,
अर्धी भरलेली.
मी झाकण फिरवलं
आणि तिनं आमच्या देखत
एवढा मोठा श्वास आत ओढला
की काका एक पाऊल मागे सरले.

झाकण पालथं केलं.
सुईच्या टोकाएवढं भोक असतं तिथे
एम-सील, अंगठ्यानं दाबलेलं, रेषांसकट.
काका आपल्याच अंगठ्याकडे बघत राहिले.
‘मागच्या पुरात पाणी शिरलं होतं टाकीत. विश्वामित्रीचं.
म्हटलं, पुन्हा थेंब जायला नको.’
मी हसले नाही.
वरून काही आत जाऊ दिलं नाही
तर खाली काही उतरत नाही,
हे कळायला मलाही एक महिना लागला होता
आणि त्यांचे आठशे साठ रुपये.
ओढणीची पिन वाकली,
मग जेटची तार घेतली. तिनं टोकरलं.

त्यापुढचा रस्ता ती न थांबता गेली.
अटलादऱ्याला काकांची बहीण, कुमुदताई,
हात पुसत बाहेर आल्या, आधी घड्याळाकडे पाहिलं.
‘आज इतक्या लवकर? दूधसुद्धा तापवलं नाही अजून.
तुझी बंद पडायची वीस मिनिटं धरूनच
गॅस लावते मी.’
काका पायरीवर बसले, काहीच न बोलता.
आतून भांडं आपटल्याचा आवाज आला, काडी ओढल्याचा,
ओट्याशी इंजिन निवताना टिक् टिक् करत होतं.
मी झाकणाला कान लावून पाहिला,
उगीच.